मुठीतला बर्फ

शेजारची केतकी फोन ठेवते, तरातरा बाल्कनीत येते आणि मूठ आवळून उभी राहते. मुठीतून कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी ठिबकत असतं. चार-पाचदा हे पाहिल्यावर मला राहवेना. कठड्यावरून वाकून विचारलं, "हातात काय आहे गं?"

"बर्फ, काका. आईशी बोलताना माझं डोकं फिरतं. तोंडाला येईल ते बोलते आणि मग दिवसभर रडत बसते. थेरपीच्या क्लासमध्ये शिकवलंय, बर्फ वितळेपर्यंत उत्तर द्यायचं नाही."

मला गंमत वाटली. आम्हाला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली. रागाचं मात्र 'गिळ' एवढंच सांगितलं. कसा गिळायचा, ते कुणी दाखवलं नाही. परवा टीव्हीवरची चर्चा ऐकून माझंही डोकं तापलं, तेव्हा बर्फाचा एक खडा हातात धरून पाहिला. तळवा असा झोंबला की चर्चा कशावर चालली होती तेच विसरलो. मग तो राग गेला कुठे? पाण्याबरोबर वाहून गेला, की नुसता थांबून राहतो, आपल्याला बरे शब्द सापडेपर्यंत?

काल केतकीची आई राहायला आली. दुपारी भिंतीपलीकडे दोघींचे आवाज चढले आणि एकदम बंद झाले. मी धास्तावून बाल्कनीत गेलो. केतकी कुंडीपाशी मूठ आवळून उभी होती. शेजारी आई. तिच्याही मुठीतून पाणी ठिबकत होतं.