तिले बोलू द्या

प्रताप नगरच्या मैदानावर ती रोज संध्याकाळी दिसायची. वीस-एकवीस वर्षांची, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, ऐकताना सारखी बोटं मोडणारी. मैदानावर पार्किंग होणार हे कळल्यावर वस्तीतली पोरंपोरी तिनेच गोळा केली. घरोघरी फिरून आम्हा मोठ्यांनाही तिने बैठकीला आणलं.

नगरसेवक आले. आता हीच बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तिने एका बुजऱ्या मुलीला पुढे केलं आणि स्वतः मागे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मुलगी दोन वाक्यांतच अडखळली.

मला राहवेना. "तूच बोल ना वं, बिघडून राहिलं सारं!"

"मी बोलली तं आजचं काम होऊन जाईन, काका," ती हळूच म्हणाली. "पन उद्या मी इथं नसली तं? तिले बोलू द्या."

तेवढ्यात त्या मुलीने मान वर केली. "साहेब, मंग आमी खेळाचं कुठं?"

नगरसेवकांनी मैदानावर एकदा नजर फिरवली. मग पार्किंगची जागा बदलायचं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी ती घामाघूम होऊन हसत होती.

आता ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आहे. मैदानावरच्या बैठका चालूच आहेत. परवा तर आधी कोण बोलणार, यावरूनच पोरांची जुंपली.