चिपमधला ठोका
तापलेल्या सोल्डरचा वास आला की लक्ष्मीबाई नगरातली गणपतीची ती तालीम आठवते. आमच्या ढोलकीवाल्या काकांच्या जागी जुनं डिजिटल ड्रम मशीन लावायचं मंडळाच्या सेक्रेटरींनी परस्पर ठरवलं होतं. सोल्डरनं त्याच्या तारा जोडून दुरुस्ती करणाऱ्या शेजाऱ्यानं झाकण उघडून चिप दाखवली, "हे आवाज बनवत नाही. कुणीतरी एकदा वाजवलेला ठोका यात आकड्यांत भरलाय. बटण दाबलं की तोच परत. मशीननं ते आकडे भराभर वाचले की आवाज चढा, बारीक." मांडीवरची ढोलकी घट्ट धरून काका म्हणाले, "अच्छा, म्हणजे आत वाजवणारा आहेच. त्याला विचारलं होतं?" सेक्रेटरी हसले, "काय काका, मशीनला काय विचारायचं यार!" काका ताडकन म्हणाले, "मला तरी कुठं विचारलंत?" आरतीला मशीनच वाजलं, आणि मीही त्याच्या तालावर टाळ्या वाजवल्या, याची चीड अजून जात नाही.