कोचला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि माझं तोंड किती सैल आहे, हे बहारीनमधल्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक आहे. गणपतीत एक किस्सा सांग म्हटलं तर मी चार सांगतो. हा एक मात्र — गिळून बसलोय.

आमची ईरा पोहते. म्हणजे, शर्यतीत पोहायची. मी स्वतः झल्लाकच्या किनाऱ्यावर पँट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहणारा शूरवीर. आणि समोर ती अशी सरकत जायची, की समुद्रच बाजूला होऊन तिला वाट देतोय असं वाटावं. हे माझ्या घरात जन्मलं? कुठून आलं असेल? मी नुसता बघत राहायचो. ओरडून शाबासकी द्यायचंही सुचायचं नाही.

मी अमेरिकेत नोकरीला असताना ती झाली, म्हणून पासपोर्ट तिकडचा. बारावीत तिने तिथल्या एका लष्करी अकादमीसाठी अर्ज केला. मार्क, मेडिकल, शिफारस, सगळं लागतंच. पण त्यांच्या जलतरण संघाच्या कोचने नाव उचलून धरलं, तर अर्जाला वजन येतं. कोच तिच्याशी बोलले, खूश झाले, आणि मग त्यांनी मला फोन केला. मी जिदहफ्सच्या बाजारात सुरमई निवडत होतो.

फार अदबीने विचारलं त्यांनी — ती शेवटपर्यंत टिकेल ना? पोहणं तिला मनापासून हवंय ना?

आपल्याकडे पोरांचं कौतुक आईबापांनी करायचं नसतं. कुणी वाखाणलं की आपण म्हणतो, कसलं काय हो, आपला टाइमपास. तेच मी इंग्रजीत म्हणालो. हौस आहे, कॉलेज सुरू झालं की सुटेल. पलीकडचा आवाज उतरला, "आय सी." त्या भल्या माणसाला आपली रीत कुठून ठाऊक? त्याने ते खरं मानलं.

आणि तो खरं मानतोय — हे मला कळत होतं. विनय नव्हता तो. मला ती दूर जायला नको होती. एका वाक्यात सावरता आलं असतं. मी मासेवाल्याला म्हणालो, यल्ला, चल, काप.

कोचने तिचं नाव पुढे केलं नाही. प्रवेश हुकला. ती विचारत राहिली, त्यांनी तुम्हाला काय विचारलं, बाबा? मी म्हणालो, "काही नाही गं. तुझ्यापेक्षा वेगवान मुली मिळाल्या असतील त्यांना."

किती सहज म्हणालो.

आता ती जनाबियाच्या एका बंगल्यांच्या कंपाउंडमधल्या तलावात लहान मुलांना पोहायला शिकवते. परवा तिला आणायला गेलो, तेव्हा कुणाची तरी आई तिला विचारत होती, तू स्वतः शर्यतीत का नाही उतरत? ईरा हसली. म्हणाली, "आय वॉजन्ट फास्ट इनफ, आंटी."

मग मुलांना दाखवायला तिने सूर मारला. पाणी जेमतेम हललं. ती पलीकडे पोचलीसुद्धा. काठावरच्या सगळ्या आया बोलायच्या थांबल्या.

मी फाटकापाशी उभा होतो. ती वर आली, केस मागे सारले, आणि मला बघून हात हलवला. मीही हलवला.