बेंबीचं लुगडं

धारूरच्या घाटाखालच्या एका गावात तिशी-चाळिशीतल्या कुठल्याही माणसाला सदरा वर करायला लावा. दिसेल ती बेंबी छबुबाईंची. म्हणजे नाळ त्यांनी कापलेली. छबुबाई सुईण. हा हुन्नर त्यांच्याकडे सासूकडून आला आणि पुढे कोणाकडे गेला नाही, कारण बायका बाळंतपणाला दवाखान्यात जाऊ लागल्या.

राहिला तो मान. ज्याची नाळ कापली, त्याच्या लग्नात सुईणीला लुगडं-चोळी, असा गावचा रिवाज. छबुबाई मांडवात पुढे बसत आणि गवंड्याने आपण बांधलेल्या घराकडे पाहावं तसं नवरदेवाकडे पाहत.

त्यांनी कापलेली शेवटची नाळ विजयसिंहांच्या मुलीची, संस्कृतीची. दवाखान्याकडे निघालेली जीप घाटात बंद पडली आणि संस्कृती जीपमध्येच, सोबत बसलेल्या छबुबाईंच्या हातावर जन्मली. तेव्हा तिच्या लग्नातलं लुगडं हे शेवटचं. त्याचा रंगही छबुबाईंनी मनाशी ठरवून ठेवला होता.

लग्न ठरलं, आणि शेजारीण भामाबाई बातमी घेऊन आली. बातमी आणताना ती चप्पल घालायलाही थांबत नसे.

"ऐकलं का? संस्कृतीनं लातूरला जाऊन बेंबीचं आपरेशन केलं."

"कावून? दुखत व्हती?"

"दुखंल कशाला? दिसत व्हती! बोरावानी भाईर आलेली. लग्नात घागरा घालायचाय तिला, पोट उघडं ठिवून. डाक्टरनं आत बसवली." भामाबाई जरा थांबली. "मंग आता बेंबी डाक्टरची झाली की. लुगडं बी त्यालाच जातंय जणू."

डॉक्टर लुगडं नेसून काय करणार, हे उत्तर छबुबाईंना सुचलं ते भामाबाई गेल्यावर.

गावाला तर चाळाच लागला. हॉटेलात माणसं चहा थंड होऊ देऊन एकमेकांच्या बेंब्या तपासू लागली. आसाराम टेलरने छबुबाईंना भर रस्त्यात अडवलं. "मावशे, माझी जरा डावीकडं हाय बग. बदलून मिळंल का?"

"तू पोटात असल्यापून वाकडा हायेस, मुडद्या," म्हणत छबुबाई तशाच विजयसिंहांच्या घरी गेल्या.

संस्कृती पोटाला पट्टा बांधून कॉटवर बसली होती. तिची आई उज्ज्वलाताई चहा टाकायला आत गेली.

"दाखीव."

संस्कृतीने पट्टा सोडला. छबुबाई वाकल्या. बेंबी बारीक, उभी, वर नाजूक घडी. काम चांगलं होतं. ते त्यांना दिसलं, म्हणून त्या जास्तच चिडल्या.

"माझं काम इतकं वाईट व्हतं व्हय?"

"नाही गं, छबुआजी! मी विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, नाळ कुणी कापली याचा काही संबंधच नसतो. बेंबी आपली आपण होते. तुझा काहीच दोष नाही."

छबुबाई सुटल्या. पण सुटका फार वेळ टिकली नाही. दोष नाही, तर हातही नाही. बारशाला आलेल्या बायकांनी ज्या बेंब्या पाहून "छबुबाईचा हातच न्यारा" म्हटलं होतं, त्या सगळ्या डॉक्टरने एका वाक्यात काढून घेतल्या होत्या.

"खोटं बोलतो त्यो," त्या म्हणाल्या. "चूक माझीच हाय. जीप हालत व्हती, दोरा ढिला बसला."

उज्ज्वलाताई चहा घेऊन बाहेर आली. "अहो मावशी, जीप तर बंद पडली होती."

"बंद पडलेली बी हालती. घाट हाय त्यो." छबुबाईंनी कप घेतला. "दोरा माझा, बिघाड बी माझा. डाक्टरनं निस्ती दुरुस्ती केली. दुरुस्तीला मजुरी असती. लुगडं नसतं."

संस्कृती पोट धरून हसायला लागली.

"हसू नको, टाका तुटंल," म्हणत छबुबाईंनी स्वतः पट्टा बांधला. गाठ या वेळी दोनदा ओढून पाहिली.

"मग रंग कोणता आणू, मावशी?" उज्ज्वलाताईने विचारलं.

"कोणता बी आणा. आमाला काय," छबुबाई म्हणाल्या आणि निघाल्या. दारातून मागे वळल्या.

"डाळिंबी असला तर बरं."