कार्ड नसलेला विकी

संघमित्राचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या वस्तीत तेव्हा पाणी येतं. ती पिंपं भरायची आणि लॅपटॉप घेऊन विहारामागच्या अभ्यासिकेत यायची. घर एका खोलीचं. भाऊ विशाल रात्रपाळी करून आलेला, आई सोनूबाई पवईला स्वयंपाकाच्या कामांना निघायच्या घाईत. टेबल नव्हतं, ठेवायला जागाही नव्हती.

फाउंड्रीतून निवृत्त झाल्यापासून अभ्यासिकेचं दार मी सांभाळतो. पुस्तक उघडून मोबाईल बघणारे पुष्कळ येतात. ही काम करायची.

पवईच्या एका कंपनीत ती लागली होती, पण अजून कायम झाली नव्हती. कंपनीचे लिफ्टचे नकाशे क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या कम्प्युटरांवर. ते कोणी उघडायचे याचे नियम संघमित्रा लिहायची. नियमात अट असते. अट तुलना करते: बरोबर आहे का, वेगळं आहे का, अमुक वेळेच्या आत आहे का. तुलनेच्या त्या शब्दाला ऑपरेटर म्हणतात.

कंपनीचा नियम असा: मोबाईलवर पडताळणी झाली का, याच्या नोंदीत ‘नाही’ लिहिलेलं असेल तर अडवा. तरी सोडून गेलेल्या एका माणसाची जुनी चावी नकाशे उघडत होती. चावी म्हणजे प्रोग्रॅमने वापरायचे लांबलचक आकडे-अक्षरं.

तिची वरिष्ठ दीप्ती म्हणाली, “कशी उघडते ते शोध आणि बंद कर. शुक्रवारी तुला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे.”

मंगळवारी सकाळी विकी आला. पार्सलं पोचवतो. त्याला पुस्तक नको होतं, पंखा हवा होता.

“कार्ड?” मी विचारलं.

“नाही, काका.”

“मग बाहेर.”

“बोर्ड वाचा ना. ‘मुदत संपलेल्या कार्डधारकांना प्रवेश नाही.’ माझी मुदत संपलीच नाही. कार्डच नाही माझ्याकडे.”

सगळी खोली हसली. सर्वांत मोठ्याने संघमित्रा. मग ती एकदम थांबली.

“परत म्हण रे.”

“काय? काकांना कशाला चिडवतेस उगाच.”

“म्हण ना.”

त्याने परत म्हटलं. ती लॅपटॉपवर वाकली. मी विकीला बाहेर काढलं.

नंतर तिने सांगितलं. जुनी चावी म्हणजे विकी. तिच्याबरोबर पडताळणीची नोंद ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, मुळात नोंदच येत नाही. अट ‘नाही’ शोधते. ते सापडत नाही, म्हणून अडवायचा नियम लागूच होत नाही.

उपाय होता. ऑपरेटरला ‘असेल तर’ असं शेपूट लावायचं. नोंद असेल तर तपासायची, नसेल तर अट जुळली असं धरायचं. नियम अडवण्याचा, म्हणून विनानोंदीचाही अडतो.

“हेच शेपूट आत सोडायच्या नियमाला लावलं असतं तर?” मी विचारलं.

“मग विकीला पंखा मिळाला असता, काका.”

तिने थेट खऱ्या जागी हात घातला नाही. आधी चाचणीच्या जागी लावून पाहिलं. चावी अडली, पण नकाशांची नक्कल करून ठेवणारा कंपनीचा प्रोग्रॅमही अडला. त्याच्याबरोबरही नोंद येत नाही. तिने दुसरी अट जोडली: मागणारा तो प्रोग्रॅम नसेल तरच अडवा. एका नियमातल्या दोन्ही अटी जुळल्या तरच नियम चालतो. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा तपासलं. फाउंड्रीत साचा असाच तपासायचे. दुसऱ्याने तपासला असेल, असं धरून कोणी रस ओतत नसे.

शुक्रवारी दीप्तीने विचारलं, “तपासलंस?”

“तिन्ही प्रकारांनी. पडताळणी झालेला, न झालेला आणि विकी.”

“विकी कोण?”

संघमित्राने सांगितलं. दीप्ती हसता हसता खुर्चीत मागे रेलली आणि तिला कायम करण्याच्या कागदावर तिने सही केली.

संध्याकाळी संघमित्रा पेढे घेऊन आली. विकीला दोन दिले, दाराबाहेर. आमचा बोर्डही बदलला: ‘चालू मुदतीचं कार्ड असेल तरच प्रवेश.’

कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारातून तिने टेबल करून घेतलं. भिंतीला बिजागऱ्यांनी बसवलेलं, नको तेव्हा वर उचलून ठेवायचं. त्यावर दिवा, समोर खुर्ची. सोनूबाई कामांवरून आली की पेपर घेऊन तिथे बसते, ती उठत नाही.

“आई, ऊठ गं. मला काम आहे.”

सोनूबाई पान उलटते. “कार्ड दाखव.”