उलटा सेल

दौंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या अंजना साळवेंना कुणी शिकवायला गेलं की राग यायचा. शिकवायचं ते त्यांनीच. त्यांच्याकडं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोक लांबवर एकमेकांशी बोलतात त्या बिनतारी रेडिओचं, लायसन होतं. २००२ साली शिरूरच्या हॅम मंडळींनी त्यांना बोलावलं. प्रवासासाठी रेडिओ कसा तयार करायचा, यावर बोलायचं होतं.

एसटीत त्यांनी नवऱ्याला, मच्छिंद्रला, अख्खं भाषण म्हणून दाखवलं. "निघताना रेडिओतला एक सेल उलटा घालायचा. मग पिशवीत बटण फिरलं तरी रेडिओ चालू होत न्हाई."

मच्छिंद्र मांडीवरच्या पिशवीकडं बघत म्हणाला, "सकाळी एक उलटा दिसला. म्या सरळ केला."

पिशवी उघडली तर रेडिओ चालू होता आणि जेवणाच्या डब्यानं बोलायचं बटण दाबून धरलं होतं. बारीक आवाज झेलून लांबवर पोचवणारा डोंगरावरचा रिपीटर इतका वेळ त्यांचंच भाषण सगळ्यांना ऐकवत होता. डबा बाजूला करताच शिरूरहून आवाज आला, "ताई, ऐकलं सगळं. सेलाचं कळलं."

अंजनाबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. "मग आता फक्त प्रश्न काढून ठेवा. चूक कशी होते ते दाखवायला माणूस सोबत आणतेय."