चार बोटं खाली आलेला हात

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या कोचने माझ्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला.

दुपारचे दोन वाजले होते, मैदान रिकामं होतं. मी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर जिथे सामन्याआधी सराव करतात त्या कुंपणाआडच्या पट्ट्यात, ट्रायपॉड लावून लॅपटॉपची वायर जोडत होतो. कोच आला, टॉवेल टाकला आणि म्हणाला, "आधी सांग, तू रिपोर्ट कुणाला पाठवतोस?"

"हेड ऑफिसला," मी म्हणालो.

"आणि मला?"

 त्यालाही पाठवायचा, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अ‍ॅशबर्न या अमेरिकेतल्या गावात बारा वर्षं मी डेटा सेंटरच्या कंपनीत काढली आणि एका सकाळी मीटिंगमध्ये आमच्या अख्ख्या टीमला कामावरून काढलं. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून घाबरलो नाही, पण सात महिने घरी बसलो. मग ही नोकरी दिसली. बायको हसली. "बेसबॉलमधलं तुला काय कळतं?" म्हणाली. मी म्हटलं, "बेसबॉल नाही कळत. आकडे कळतात." नागपूरला कॉलेजात असताना मी मध्यमगती टाकायचो, तेवढंच माझं क्रीडाक्षेत्र. बेसबॉलचा पिचर कोपरातून हात वाकवून चेंडू फेकतो, ते पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून 'नो बॉल' निघणारच होतं.

मोठ्या लीगमधल्या प्रत्येक क्लबचे लहान लहान गावांत आपले दुय्यम संघ असतात. तिथे पोरांना घडवतात. एकेक पायरी चढत ती वर जातात, बहुतेक अर्ध्यातूनच घरी परततात. पिचरवर सगळ्यांची जास्त नजर असते, कारण त्याच्या एका हातावर सगळं उभं असतं. त्याचा चेंडू किती वेगाने आला, किती गरगरला, हातातून सुटला तेव्हा जमिनीपासून किती उंचीवर होता, हे सगळं कॅमेरे मोजतात. ते गोळा करून रोज सकाळी वर पाठवणं हे माझं काम. वर माझा जो वरिष्ठ होता तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अतिशय गोड बोलणारा. पिचरना काय शिकवायचं हे तो ठरवायचा आणि ते माझ्या टॅबलेटवर यायचं.

त्यामुळे माझ्याबद्दल काय समज झाला असेल ते उघड आहे. मी लॉकर रूममध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे "हाय" म्हणायचे, पण मी बसलो त्या टेबलावरची पोरं ताटं लवकर संपवायची. महिन्याभरात मलाही तशीच सवय लागली. कोण कुणाच्या कानात काय सांगतंय, कोण दुखापती बघणाऱ्या ट्रेनरच्या खोलीतून फार वेळाने बाहेर आलं, हे मी बघायला लागलो.

आमच्याकडे एक उजव्या हाताचा पिचर होता, बावीस वर्षांचा. डॉमिनिकन रिपब्लिकमधून सतराव्या वर्षी करार करून आलेला. लांब हातपाय, शांत चेहरा, क्लबच्या वर्गात शिकलेलं जपून बोलायचं इंग्रजी. त्याचा वेगवान चेंडू आमच्या संघात सगळ्यात जड. वरची पायरी त्याला महिन्या-दोन महिन्यांत मिळणार असं सगळे म्हणत होते. हेड ऑफिसला त्याने एक नवा चेंडू शिकायला हवा होता, फलंदाजापासून आडवा लांब पळणारा. तो त्याला जमत नव्हता.

जूनमध्ये त्याचे आकडे बदलायला लागले. वेग तोच. पण चेंडू सुटण्याची उंची खाली यायला लागली. आधी बोटभर, मग दोन बोटं. तीन आठवड्यांत चार बोटं. दमलेल्या किंवा दुखऱ्या खांद्याचा हात असाच खाली येतो, हे मी तोवर वाचून वाचून पाठ केलं होतं.

मग मला सगळंच दिसायला लागलं. तो बॅग डाव्या खांद्यावर घ्यायचा. दार डाव्या हाताने उघडायचा. पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण फिरवायचा. एकदा मी मुद्दाम उजवा हात पुढे केला तर त्याने डाव्या हाताने माझा खांदा थोपटला.

मी त्याला विचारलं, "हात दुखतोय का?"

"नाही. मी ठीक आहे."

"नक्की?"

"तुम्ही का विचारता?" तो म्हणाला आणि टॅबलेटकडे बघत राहिला.

त्यानंतर एका मंगळवारी मी नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचलो. गाडी लावताना पाहिलं, तर मैदानाच्या मागे, पार्किंगपलीकडच्या गवतात कोच आणि तो उभे होते. तो चेंडू टाकत होता, कोच उकिडवा बसून झेलत होता. तिथे कॅमेरा नाही, काही नाही. मला पाहिल्यावर कोचने चेंडू खिशात घातला आणि दोघं काहीच न घडल्यासारखे माझ्या समोरून निघून गेले.

दुखापत लपवतायत, माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पोराला वर जायचंय म्हणून तो लपवतोय आणि आपल्या हाताखालचा पोरगा वर गेला हे दाखवायला म्हातारा साथ देतोय.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे पण तू कोचला विचारलंस का?"

"तो कशाला खरं सांगेल?"

"यार, तू सगळ्यांकडे असंच बघायला लागलायस. परवा माझ्या फोनवर कोण होतं तेही दोनदा विचारलंस." मग थोडं थांबून म्हणाली, "हॉस्टेलमध्ये कुणाचं घड्याळ हरवलं की आधी तुझी पेटी उघडायचे. तूच सांगितलंयस मला."

ते खरं होतं. आमच्या मजल्यावर आम्ही वस्तीतून आलेले दोघंच होतो. काही हरवलं की शोध आमच्या खोलीपासून सुरू व्हायचा. कुणी आरोप करायचं नाही, नुसतं म्हणायचे, "जरा बघून घेऊ." घड्याळ एकदा बाथरूमच्या खिडकीत सापडलं, तरी माझे कपडे जमिनीवरच पडलेले होते.

मी चिडलो. म्हणालो, "त्याचा याच्याशी काय संबंध? इथे आकडे आहेत." आणि त्याच सकाळी वरिष्ठाला ईमेल लिहिली. आकडे जोडले. डाव्या हाताचं लिहिलं. गवतातल्या सरावाचंही लिहिलं. 'मला दुखापत लपवल्याची शंका आहे' हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि पाठवलं.

दोन तासांत हालचाल झाली. पोराला सामन्यातून काढलं, एमआरआयला पाठवलं. कोचला फोनवर बोलावून घेतलं. तो फोन अर्धा तास चालला, बंद दाराआड. आठवड्याने वरिष्ठाचा मला निरोप आला, 'हात क्लीन आहे. छान लक्ष ठेवलंस, थँक्स.' त्याच आठवड्यात वरच्या संघात एक जागा रिकामी झाली आणि आमच्याकडचा दुसराच पिचर तिथे गेला. तपासणीत अडकलेल्याला कोण नेणार?

हात क्लीन. मग चार बोटं कुठून आली?

मी कोचच्या खोलीत गेलो. तो खुर्चीत बसून बुटाची नाडी बदलत होता.

"मी ईमेल लिहिली होती," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"मला वाटलं त्याला दुखतंय."

त्याने नाडी ओढून घेतली. "हात मीच खाली आणायला लावला. तो नवा चेंडू त्याला वरून जमेना. खालून टाकला तर पळतो. पण जमेपर्यंत महिना खराब जाणार. तुझ्या कॅमेऱ्यापुढे खराब महिना म्हणजे वरती बसलेल्यांसाठी निकालच. म्हणून गवतात गेलो. तरी पोराने सामन्यांतही तसंच टाकायला सुरुवात केली. उत्साही आहे."

"आणि तो डावा हात? बाटली, दार?"

आता तो हसला, पण बरं वाटेल असं नाही. "माझे सगळे पिचर तसेच वागतात. तू एकाकडेच पाहिलंस. फेकायच्या हाताने फक्त फेकायचं. नख मोडलं, बोटाची कातडी सोलवटली की दोन आठवडे गेले. मी चाळीस वर्षं हेच शिकवतोय."

मी दाराकडे वळलो. 

"तुझी शंका चूक होती असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "हात खाली आला तर मीही घाबरलो असतो. पण माझी खोली तुझ्या खोलीपासून वीस पावलांवर आहे."

पिचरची माफी मागायला गेलो, तर तो इतकंच म्हणाला, "इट्स ओके." आणि हेडफोन लावले. ते ओके नव्हतं. त्याने घरी आईला फोन करून वर जाणार म्हणून सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर ट्रेनरकडून कळलं.

त्यानंतर मी एक नियम केला. वर काही पाठवण्याआधी ते ज्याचं आहे त्याला दाखवायचं. दुपारी पिचर आले की त्यांच्याशेजारी बसायचं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची. सुरुवातीला कुणी बघायचं नाही. मग एक-दोघं बघायला लागले. ऑगस्टमध्ये तो डॉमिनिकन पिचर स्वतः आला. म्हणाला, "कालचा तो तिसरा चेंडू दाखवा." मी दाखवला. हात चार बोटं खाली आणि चेंडू फलंदाजाच्या बॅटपासून हातभर लांब पळालेला. तो पहिल्यांदा माझ्यासमोर हसला. ऑगस्ट संपता संपता त्याला वरची पायरी मिळाली. जाताना त्याने माझा नंबर घेतला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याचा फोन आला. कोपरातलं लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं होतं, वर्षभर तरी सामना खेळता येणार नव्हता.

"मला एक खरं सांगा," तो म्हणाला. "गेल्या जूनमध्ये तुम्हाला माझ्या हातात काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं होतं?"

"फक्त हात खाली आलेला. त्याचं कारण तुला माहीतच आहे."

"बाकी काही नाही?"

"नाही."

त्याने पुन्हा विचारलं, "खरं सांगताय ना?"

हा प्रश्न मला लागला, पण तो विचारायचा त्याला हक्क होता. मी त्याला म्हटलं, उद्या परत बोलू. त्या दिवशी जुनी सगळी नोंद पुन्हा काढून बसलो. काहीही सापडलं नाही. पण शोधताना वरिष्ठाचा तो निरोप पुन्हा समोर आला. 'हात क्लीन आहे.' आणि माझ्या लक्षात आलं की तो एमआरआयचा रिपोर्ट मी कधी पाहिलाच नव्हता. मला पाहण्याचा अधिकारही नव्हता. पण ज्याचा हात होता त्याने तरी पाहिला होता का?

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं.

"मला सांगितलं की ठीक आहे."

"कागद दिला?"

"नाही. मागायचा असतो?"

"माग," मी म्हणालो. "लेखी माग. तो तुझा आहे, त्यांना द्यावा लागतो." कसं लिहायचं तेही सांगितलं. मजकूर त्याचा, मी फक्त इंग्रजी तपासलं.

तीन आठवड्यांनी त्याने तो मला पाठवला आणि फोनवर वाचून दाखवायला सांगितला. बहुतेक ओळी सरळ होत्या. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं की कोपराच्या लिगामेंटमध्ये किंचित झीज आहे, या व्यवसायात या वयाला अपेक्षित, खेळ चालू ठेवण्यास हरकत नाही.

"म्हणजे त्यांना माहीत होतं?" त्याने विचारलं.

मला पटकन 'हो' म्हणावंसं वाटलं. मनात राग तयारच होता. पण आदल्या वर्षीची ती ईमेल मला आठवत होती. मी त्याला म्हटलं, "झीज माहीत होती. फाटेल हे माहीत होतं का, ते मला माहीत नाही. बहुतेक पिचरच्या कोपरात अशी झीज सापडते म्हणतात. पण तुला सांगायला हवं होतं, एवढं नक्की."

"सांगितलं असतं तर मी थांबलो असतो का?" तो स्वतःलाच विचारत होता. मग म्हणाला, "नसतो थांबलो."

 त्याच्याकडे मागे कुठेतरी टीव्हीवर स्पॅनिशमध्ये कुणीतरी जोरजोरात बोलत होतं.

जुलैत वरिष्ठाचा फोन आला. नेहमीसारखा गोड. घरचे कसे आहेत, उन्हाळा कसा चाललाय. मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. त्याला रिपोर्ट मागायला तू सांगितलंस का?"

"हो," मी म्हणालो.

"ओके," तो म्हणाला. "नुसतं माहीत असावं म्हणून विचारलं."

त्यापुढे तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. कोचला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आता तू माझ्या टेबलावर जेवू शकतोस." मी तिथेच जेवतो. पिचर आता फ्लोरिडातल्या सराव केंद्रावर आहे, गेल्या आठवड्यापासून त्याला हलके हलके चेंडू टाकायला दिलेत. त्याने व्हिडिओ पाठवला होता. हात कुठे आहे ते मी मोजलं नाही, त्याला विचारलं कसं वाटतंय. "भीती वाटते," असं त्याने लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये पुढच्या हंगामाचा माझा करार आला. जागा तीच, काम तेच. फक्त एक नवी ओळ होती की खेळाडूंशी होणारा सगळा संवाद यापुढे क्लबच्या ॲपवरूनच, म्हणजे हेड ऑफिसला वाचता येईल असाच, व्हावा. बायको म्हणाली, सगळ्यांच्याच करारात घातली असेल. असेलही. कोचला विचारलं, त्याच्या करारात ती आहे का. तो म्हणाला, त्याने अजून वाचलेला नाही, आणि चष्मा शोधायला उठला.